गल्लीतल्या पिल्लाची तरबियत

कुत्रा आपल्या घरात नसतो, तेव्हा त्याच्या तरबियतीशी आपला काय संबंध, असे पुष्कळ जण म्हणतील. घरात नसतो, हे खरे. पण हिवाळ्यात जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे एखादी कुत्री पाच-सहा पिल्ले घालते आणि ती पिल्ले आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर वाढतात. त्यातले जे जगेल ते पुढची काही वर्षे आपल्याच गल्लीत राहणार असते. मदरशाला जाणारी मुले आणि फज्रच्या नमाजला निघालेले दादा रोज त्याच्यासमोरूनच जाणार.

ते कसे निघेल, हे बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत ठरते. अमेरिकेत 1961 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लांना उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत माणसांपासून अगदी दूर वाढवले. मग काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात फक्त एक आठवडा माणसांच्या सहवासात ठेवले. पाचव्या ते नवव्या आठवड्यात ज्यांना माणूस भेटला, ती पुढे माणसाला सरावली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. एकाच आईची पिल्लेही त्यात निरनिराळ्या गटांत होती.

‘अमुक जातीचा कुत्रा चावराच असतो’ हे बोलणे आपण सर्रास ऐकतो. 2022 मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीने समजावता आला. बाकी सगळे संगोपनच, असे नव्हे. प्रत्येक जनावराचा पिंड वेगळा असतो, वयाचाही परिणाम होतो. पण जातीवर खापर फोडून मोकळे होता येत नाही, एवढे नक्की.

बंगालमधल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या 364 पिल्लांवर नजर ठेवली. सात महिन्यांची होईपर्यंत त्यांतली जेमतेम 19 टक्के उरली, आणि बहुतेकांच्या मरणाला माणसाचा हात लागला होता. कोणी गाडीखाली गेले, कोणाला मारले, कोणाला उचलून नेले. आता उरलेल्यांनी माणसाविषयी काय शिकावे? आठव्या आठवड्यात ज्याला दगड मिळाला, ते पिल्लू वर्षभराने हात वर गेलेला दिसताच दात दाखवते. आपण म्हणतो, कुत्रा माजला!

कोकणात आंब्याच्या बागेवर कुत्रा ठेवतात. शेत, गुरे आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहेच. पण महिन्याभराचे पिल्लू आईपासून तोडून आणायचे आणि ‘राखणीला तिखट व्हावा’ म्हणून त्याच दिवशी साखळीला बांधायचे, हे आम्हाला पटत नाही. असा कुत्रा भित्रा होतो, आणि भित्रा कुत्रा चोर आणि पाहुणा यांत फरक करत नाही. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत विकू नये, असा आपल्याकडे 2017 पासून नियम आहे. सूरह माइदामध्ये अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या, शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावराची शिकार हलाल ठरवली आहे. न शिकवलेल्याची तशी नाही. जनावर तेच, फरक शिकवण्याचा.

काही घरांत अम्मी विचारतात, लाळ लागली तर कपडे, वुजू, सगळेच आले, मग मुलांना पिल्लांजवळ कसे जाऊ द्यावे? जवळ जाण्याची गरजच नाही. भिंतीकडेला मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे, चार पावले दूर बसावे, ओरडू नये. पिल्लू उचलू तर मुळीच नये, आई धावून येते. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी काढून पाजणाऱ्याची हकीकत मुलांना ठाऊक असतेच, तिची आठवण करून द्यावी. आणि दगड उचलणाऱ्या मुलाला, मग तो शेजाऱ्याचा असो, तिथेच थांबवावे.

पिल्लाचा दात किंवा नख लागलेच, तर ‘लहान तर आहे’ म्हणून सोडू नये. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये.

पिल्ले मोठी झाली की नसबंदी आणि लसीकरणासाठी नगरपालिकेला कळवावे. तसा कुत्रा सहसा जिथून उचलला तिथेच परत आणून सोडतात, तेव्हा तो येईल आपल्याच गल्लीत.