जादा तास कुणासाठी?

मराठी शाळेत ‘जादा तास’ म्हटले की अनेक पिढ्यांना एकच गोष्ट आठवते. शिष्यवृत्तीला बसणारी निवडक मुले, शाळा भरण्याआधीची वेळ आणि फळ्यापुढे शाळेतले सगळ्यात तयारीचे गुरुजी. चौथी-सातवीच्या, पुढे पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीने खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले वर आली, आणि अनेक गुरुजींनी त्या तासांचा एक पैसाही घेतला नाही. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्याला भागाकार जमत नाही त्याच्यासाठी शाळा तासभर आधी उघडली, असे फार थोड्या गावांनी पाहिले असेल. गणितात कच्च्या मुलाच्या वाट्याला मागचा बाक आला, ‘ढ’ हा शिक्का आला, आणि घरात चार पैसे असतील तर खासगी शिकवणी आली. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताचा मदत-वर्ग हवा, तो शाळेच्या वेळेत आणि शाळेच्याच जबाबदारीवर हवा. ही मागणी आजची नाही, तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवत आणि तोंडाने पाढे म्हणत. नुसते बे ते तीस नव्हे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीसुद्धा. बाराची सवाई पंधरा आणि आठाची औटकी अठ्ठावीस हे विचार न करता ओठांवर येई. ज्या अपूर्णांकांना आजची सहावीतली मुले घाबरतात, ते तेव्हा संध्याकाळच्या परवच्यात घोळवले जात, कारण बाजारात, वजनमापात, व्याजात ते रोज लागत. त्या शाळेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिथे ‘असे का’ हा प्रश्न नव्हता, छडी होती, आणि मुली व बहुजन समाजाची बहुतेक मुले त्या ओसरीवर चढूच शकत नव्हती.

हिशेब न येण्याची किंमत कोण मोजत होते, हे 1875 च्या मे महिन्यात उघड झाले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. ज्या कागदावर आपण अंगठा उठवतो त्यात काय लिहिले आहे, व्याज कसे चढते, हे त्यातल्या बहुतेकांना तपासता येत नव्हते. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेच्या विषयांत मोडी-बाळबोध लिहिण्यावाचण्याच्या शेजारीच हिशेब आहे. वयाच्या बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यात आहे. फुल्यांना गणित हुशारांच्या निवडीसाठी नको होते, फसवणुकीपासून बचावासाठी हवे होते.

पुढे मात्र गणिताचा उपयोग चाळणी म्हणूनच जास्त झाला. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे गावच्या भाषेत ‘सातवी फायनल’, उतरलेला मुलगा शाळामास्तर होई. न उतरलेला शेतावर परत जाई, आणि तो का अडला हे कोणी विचारत नसे. गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक बरीच वर्षे शाळांत चालले. याच गणिताच्या शिक्षकाने 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. त्यात मागितलेली सक्तीही सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरतीच होती. सर्व मुलांना चौदाव्या वर्षापर्यंत शाळेचा हक्क देणारा कायदा अमलात यायला 1 एप्रिल 2010 उजाडला.

मुले आत आली, हे फार मोठे काम झाले. पण वर्गात बसलेल्या मुलाला काय येते? ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एका अंकाने भागू शकणारी 2018 मध्ये 44.1 टक्के होती, 2024 मध्ये 45.8 टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले बीजगणिताच्या धड्यापर्यंत भागाकाराशिवाय पोचली आहेत.

अशा मुलाची वही नीट पाहावी. 302 मधून 178 वजा करताना तो 276 लिहितो. हे उत्तर अंदाजाने ठोकलेले नाही. प्रत्येक रकान्यात त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : 8 मधून 2, 7 मधून 0, 3 मधून 1. त्याचा हातचा दुसरी-तिसरीत सुटला, आणि दशकाच्या घरातल्या शून्यापाशी काय करायचे ते त्याला कोणी परत दाखवले नाही. 816 भागिले 4 याचे उत्तर तो 24 लिहितो, कारण मधल्या 1 ला भाग जात नाही म्हणून शून्य मांडायचे असते, हे त्याच्या हातून निसटले आहे. सातवीच्या पुस्तकातले पुढचे उदाहरण दहा वेळा सोडवून घेतल्याने यातले काहीच दुरुस्त होणार नाही. त्याला शंभराचा गठ्ठा सोडून दहा दशक करायला, त्यातला एक दशक मोडून दहा सुटे करायला लावले पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या शेजारी कोणीतरी बसले पाहिजे.

हे जमते, याचा पुरावा मुंबईतच आहे. 1995 मध्ये इथे सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नेमल्या. त्याच वस्त्यांतल्या, बहुधा शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेल्या तरुणी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, महिना 500 ते 750 रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या शाळेच्याच वेळेत दोन तास वेगळी बसवत आणि जिथे अडले तिथून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग काटेकोर तपासला. गुण स्पष्टपणे वाढले होते, आणि सर्वांत जास्त वाढ सर्वांत मागे असलेल्यांची होती. पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदवली : मदत थांबल्यावर वर्षभरात त्या वाढीचा बराचसा भाग ओसरला. मदत-वर्ग वार्षिक परीक्षेच्या तोंडावर महिनाभर घेण्याची गोष्ट नाही. तो जूनपासून मार्चपर्यंत आणि सलग तीन वर्षे चालला पाहिजे.

यावर ‘शिक्षकांना वेळ कुठे आहे’ असे उत्तर येते, आणि ते खोटे नाही. याद्या, सर्वेक्षणे, पोर्टलवर भरायची माहिती यांत गुरुजींचा दिवस जातो. म्हणूनच हा तास त्यांच्या सद्भावनेवर सोडू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. कलम 28 ने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली आहे. कर्तव्य नेमून द्यायचे आणि त्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवायची नाही, हा शिक्षकावरही अन्याय आहे आणि मुलावर तर आहेच. आठवड्याला चार तास, एका गटात वीसच्या आत मुले, आणि त्यांच्यापुढे शाळेतला सर्वांत चांगला गणित शिक्षक, एवढे सरकारने लेखी आदेशाने ठरवून द्यावे आणि त्या तासांपुरते इतर काम काढून घ्यावे.

सरकारची वाट पाहत थांबण्याचेही कारण नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या सभेत त्यांनी सहावी ते आठवीतल्या किती मुलांना भागाकार येतो ते विचारावे, आणि ज्यांना येत नाही त्यांचा तास वेळापत्रकात लिहून घेतल्याशिवाय सभा संपवू नये.