नांगराची निशाणी आणि ‘मान्य’ची कळ

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला चढविला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे व वह्या. हाती लागले ते त्यांनी जाळले. निरक्षर कुणबी ज्या कागदावर नांगराची निशाणी करी, त्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. आणि कळले असते तरी नकार देण्याची त्याची ऐपत नव्हती. न्यायालय मात्र निशाणी पाहून हुकूमनामा देई. अखेर १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला. संमतीचा पुरावा म्हणजे संमती नव्हे, हे परकीय सरकारलाही मानावे लागले.

आज याच जिल्ह्यातील विद्यार्थी, कारकून, पत्रकार संगणकाच्या ब्राउझरला ‘एक्स्टेन्शन’ नावाची छोटी साधने जोडतात. कोणी शुद्धलेखन तपासते, कोणी जाहिराती अडविते, बहुतेक फुकट. जोडताना पुष्कळदा एक चौकट विचारते: सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचू व बदलू द्याल काय? होय म्हणा, नाहीतर साधन सोडा. बँकेचे पान, वैद्यकीय अहवाल, कामगार संघटनेचा पत्रव्यवहार, सारे त्या एका कळीत आले.

ही अतिशयोक्ती नव्हे. पाळतीपासून संरक्षण देण्याची ग्वाही देणाऱ्या ‘अवास्ट’ने एक्स्टेन्शनमधूनही गोळा केलेला लोकांच्या वाचन-शोधाचा तपशील ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत शंभराहून अधिक कंपन्यांना विकला, म्हणून २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. ‘ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ कर्त्याने विकले. वापरणाऱ्यांची परवानगी नव्या मालकाकडे आपोआप गेली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. सावकार रोखा परस्पर दुसऱ्याच्या नावे करी, त्याहून हे निराळे कसे?

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील शब्द चांगले आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त हवी. हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती हवी. सूचना मराठीतही मिळावी. संमती सिद्ध करण्याचा भारही कंपनीवर आहे. पण सूचना दाखविली व कळ दाबली गेली एवढ्यावर तो उतरू दिला, तर आपण १८७९ च्याही मागे गेलो. शिवाय २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड जाणार भारताच्या संचित निधीत; ज्याची माहिती लुटली गेली त्याला दमडी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही यातच आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार ठरल्यास तक्रारदारालाच १० हजारांपर्यंत दंड! हा तोल कोणाकडे झुकला आहे हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

भरपाईचा हक्क कायद्यात परत आणावा, आणि मालकी बदलताच जुनी परवानगी रद्द समजावी, या दोन मागण्या पक्षाने संसदेत व बाहेर लावून धराव्यात. दरम्यान, शाखांच्या संगणकांवर सभासदांच्या याद्या व वर्गणीचे हिशेब आहेत. त्या संगणकांना कोणकोणती एक्स्टेन्शन्स जोडली आहेत, हे कार्यवाहांनी याच आठवड्यात पाहावे.