चालकाचा दाखला कोण पाहणार?

मुंबईत कुर्ल्याच्या बर्वे मार्गावर ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टची एक बस भर गर्दीत घुसली, समोर आलेली वाहने व माणसे चिरडीत गेली आणि नऊ जणांच्या मृत्यूस कारण झाली. चाळीसांहून अधिक माणसे जखमी झाली. दोष चालकाचा, यंत्राचा की व्यवस्थेचा, याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. तो आम्ही करू इच्छीत नाही. चालकाला विजेवरील बसचा सराव कितपत होता, याविषयी तपासात प्रश्न निघाले, एवढेच येथे नमूद करतो. परंतु या अपघाताने जो मोठा प्रश्न उभा केला, तो कोणत्याही एका खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा आणि नाव मात्र बेस्टचे, अशा व्यवस्थेत माणसाला स्टीअरिंगवर बसविण्यापूर्वी त्याच्याविषयी कोणी काय पाहावे?

आज याचे उत्तर एका शब्दात देता येते : परवाना. तो खिशात असला की मालकाचे समाधान होते. वस्तुतः परवाना एवढेच सांगतो की, अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्यासमोर या माणसाने गाडी चालवून दाखविली. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्याने ती कशी चालविली, किती वेळा सिग्नल तोडला, दारूच्या अंमलाखाली तो कधी पकडला गेला काय, हे त्यावरून मालकाला समजत नाही. आपल्याकडे सातवीतल्या मुलाने शाळा बदलली तरी आधीच्या शाळेचा दाखला मागतात आणि त्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक स्वतंत्र रकाना असतो. ज्याच्या हाती पन्नास प्रवाशांचे प्राण द्यावयाचे, त्याच्या दाखल्यावर मात्र तो रकानाच नाही!

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने धोकादायक रीतीने वाहन चालविणाऱ्यास अपात्र ठरविण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्यास दिला आहे. न्यायालयाने दोषी ठरविल्यास तशी नोंद परवान्यावर करण्याची तरतूदही त्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर सर्व राज्यांच्या नोंदी एकत्र करणारी राष्ट्रीय परवाना नोंदवही कायद्यात आणली. परंतु मालकाने या नोंदी पाहिल्याच पाहिजेत, असे सर्वसाधारण बंधन कोठेही नाही. परवाना नसलेल्यास वाहन चालवू देणे हा मालकाचा गुन्हा. बेफिकीर म्हणून ख्याती असलेल्यास चालवू देणे हा गुन्हा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या जबाबदारीसंबंधी २००३ साली दिलेला एक निर्णय या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. मालकाने परवाना पाहावा, तो दिसण्यात खरा असावा आणि चालकाचे कौशल्य पारखून घ्यावे. देशभरच्या परिवहन कार्यालयांत जाऊन त्याने चौकशी करीत बसावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्या काळास धरून तो योग्यच होता. धुळ्याच्या कार्यालयातील वहीत काय लिहिले आहे, हे ठाण्याच्या मालकाने कसे शोधावे? आता परवान्यांच्या नोंदी संगणकावर आल्या आहेत. जी चौकशी काल अशक्य होती ती आज काही क्षणांची गोष्ट होऊ शकते. अडचण नाहीशी होऊ लागली, पण तिच्यामुळे मिळालेली सवलत मात्र राहिली आहे.

हा विचार नवा नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि अठ्ठावीस मुले बुडाली. त्यानंतर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील शाळांच्या बसगाड्यांसाठी स्पष्ट आदेश दिले. सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांसाठी वर्षात दोनदांहून अधिक वेळा पकडला गेलेला, किंवा अतिवेग, मद्यपान वा धोकादायक चालन यांसाठी एकदाही पकडला गेलेला चालक शाळेच्या बसवर असता कामा नये, असे त्यात होते. म्हणजे पूर्वेतिहास पाहण्याचे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायपीठाने सव्वीसहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. जे शाळेच्या बससाठी आवश्यक, ते शाळेबाहेरच्या बससाठी, ट्रकसाठी व टॅक्सीसाठी अनावश्यक कसे?

तथापि केवळ नियम लिहून काम भागणार नाही. कारण जो इतिहास पाहावयाचा तो नीट लिहिला जातच नाही. रस्त्यावरील कॅमेरा वाहनाच्या क्रमांकाचे छायाचित्र घेतो आणि दंडाचे ई-चलन वाहनाच्या मालकाकडे जाते. मालक दंड भरतो, फार तर चालकाच्या पगारातून कापून घेतो, आणि प्रकरण मिटते. चालकाच्या नावावर अक्षरही उमटत नाही. चार मालकांकडे चाळीस वेळा नियम मोडलेला माणूस पाचव्याकडे निष्कलंक म्हणून उभा राहतो. तेव्हा पहिली सुधारणा येथेच हवी. व्यावसायिक वाहनावर चलन झाले की त्या वेळी चालक कोण होता हे कळविणे मालकावर बंधनकारक करावे आणि चालकाचे म्हणणे ऐकून नोंद त्याच्या परवान्याशी जोडावी. त्यानंतरच, पगार घेऊन वाहन चालविणाऱ्याची नोंद नेमणुकीपूर्वी व पुढे दरवर्षी पाहण्याचे बंधन मालकांवर व कंत्राटदारांवर घालता येईल. अमेरिकेत आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांची नोंद अशीच मागवावी लागते व ती दरवर्षी पुन्हा तपासावी लागते.

यावर एक आक्षेप येईल व तो हलका नाही. चालक हा बहुधा गरीब माणूस. पोलिसाच्या लहरीने झालेल्या एका दंडाने त्याची रोजीरोटी कायमची जावी काय? मुळीच नाही. म्हणूनच चुकीच्या जागी गाडी उभी करणे आणि दारू पिऊन ती चालविणे यांत भेद केला पाहिजे. १९९७ च्या आदेशातही तो होता. किरकोळ चुका ठराविक वर्षांनी पुसल्या गेल्या पाहिजेत. नोंद चालकाच्या संमतीनेच दाखविली जावी. ब्रिटनमध्ये चालक स्वतः एक संकेतांक काढून मालकाला देतो. तो एकवीस दिवसच चालतो. आणि मालकाचीही नोंद हवीच. कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले असताना जो चालकाला चौदा तास राबवितो, त्याने चालकाच्या चुका मोजण्याचा अधिकार गमावला आहे.

शिवाय दाखला हा काही केवळ दोषांचा कागद नव्हे. तीस वर्षे एकही ओरखडा न पाडता गाडी हाकणारे चालक आपल्याकडे हजारोंनी आहेत. त्यांच्या सचोटीचा आज कोठेच पुरावा नाही. म्हणून त्यांना आणि बेफिकिराला एकच पगार मिळतो, किंबहुना कमी पगारावर येणारा बेफिकीरच आधी कामास लागतो. खरी नोंद हे त्यांचे भांडवल होईल.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. सर्व दोष भाडोत्री चालकांचा नव्हे, आणि दाखल्याने सर्व मृत्यू टळणार नाहीत. तथापि जे टाळता येतील ते न टाळणे हा प्रमाद आहे, आणि तो सरकारचा तसाच आमचा व वाचकांचाही आहे. घरी स्वयंपाकाला बाई ठेवताना आपण चार घरी चौकशी करतो. मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनच्या चालकाविषयी आपण कोणता प्रश्न विचारला आहे? महिन्याचे भाडे किती, एवढाच. सरकार नियम करील तेव्हा करो. दुसरा प्रश्न उद्या सकाळी व्हॅन दारात येईल तेव्हा आपणास विचारता येईल.