इंजिनियरच्या वहीतून : ओट्याची धूळ

गेल्या अंकात तळघरातल्या ओलीवर लिहिलं होतं. त्यावर तीन-चार जणांचे फोन आले, पण ओलीबद्दल कोणी विचारलं नाही. "अहो, ते असू द्या. किचन रिमॉडेल करतोय, ओट्याला ग्रॅनाईट घालू की क्वार्ट्झ?" हा सगळ्यांचा प्रश्न. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत सध्या हेच काम निघालेलं दिसतंय! हळदीचा डाग राहतो का, गरम कुकर टेकवला तर तडा जातो का, असल्या शंकांची उत्तरं दुकानदार हौसेनं देतो. मी तो सांगत नाही तेवढंच ह्या वेळी लिहिणार आहे. हा दगड कापतो कोण, आणि कापताना त्याच्या छातीत काय जातं?

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडल्या नाहीत असा मराठी माणूस विरळा. रसायनशास्त्रात तिला सिलिका म्हणतात. वाळू, ग्रॅनाईट, काँक्रीट, विटा, सगळ्यांत ती कमी-जास्त असते. संगमरवरात अगदी थोडी, ग्रॅनाईटमध्ये साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत. दुकानात 'क्वार्ट्झ' म्हणून मिळतो तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. गारगोटीचा चुरा रेझिनमध्ये घट्ट दाबून ती लादी कारखान्यात करतात, आणि तिच्यात बहुधा नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असते. आपल्या आईच्या स्वयंपाकघरात कडाप्पा असायचा, तो चुनखडीच्या जातीचा. त्याच्याशी ह्या लादीचं काही नातं नाही.

ओटा बसला की तो निरुपद्रवी असतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा फोन येतील. त्यावर पोळ्या लाटा, भाजी चिरा, काही होत नाही. धोका असतो तो कापताना, घासताना आणि भोक पाडताना. त्या वेळी जी धूळ उडते तिचे सगळ्यात बारीक कण वाळूच्या कणाच्या शंभरपट लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रण धरत जातात आणि स्पंजासारखं फुप्फुस चामड्यासारखं होतं. ह्या रोगाचं नाव सिलिकोसिस. त्याला औषध नाही. काम सोडलं तरी तो पुढे सरकत राहू शकतो. शिवाय क्षयाची आणि फुप्फुसाच्या कॅन्सरची शक्यता वाढते ती वेगळीच.

अमेरिकेतला आजचा नियम सांगतो की कामगार आठ तासांत जी हवा घेतो तिच्यात ही बारीक सिलिका दर घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. हा आकडा ऐकून काहीच बोध होत नाही, म्हणून मी वहीत थोडं गणित केलं. दहा बाय बाराची, आठ फूट उंचीची खोली घ्या. त्या अख्ख्या खोलीत मिळून जेमतेम दीड मिलिग्रॅम धूळ चालेल. म्हणजे वजनानं मिठाचे वीस-पंचवीस दाणे! आता सिंकसाठी लादीत चौकोन कापायचा आहे असं धरा. पात्याच्या जाडीइतक्या चिरेतून सुमारे साडेतीनशे ग्रॅम दगडाचं पीठ निघतं. त्यातला फक्त हजारावा भाग अतिबारीक होऊन हवेत गेला, तरी दोनशेहून अधिक खोल्यांची हवा बिघडायला तो पुरे. आणि हे एका सिंकचं. कापणारा माणूस आठवड्यात किती सिंक कापत असेल?

उपाय काय, तर पाणी! पात्यावर पाण्याची धार सोडली की बरीचशी धूळ जागच्या जागी चिखल होऊन बसते. आपल्याकडे अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडायची रीत होती, ती कोणी शास्त्र शिकून घातली नव्हती. दगड फोडणाऱ्यांचा खोकला तर वैद्यांना केव्हापासूनच माहीत आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाथरवटांच्या छातीतल्या धुळीचा उल्लेख आहे.

मग माणसं का मरतात? इथे वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्याची गोष्ट सांगायला हवी. मास्टर्सला असताना सुरक्षेच्या वर्गात ती पहिल्यांदा ऐकली. सहाध्यायी टिपणं घेत होते. माझं लक्ष मात्र कंपनीच्या नावापाशीच अडकलं होतं. मंदीचा काळ, १९३०. गॉली ब्रिज गावाजवळ न्यू रिव्हर नदीचं पाणी वळवून वीज करायची म्हणून डोंगरातून सुमारे तीन मैलांचा बोगदा खणायला घेतला. वीज हवी होती युनियन कार्बाइडला. होय, तीच कंपनी, जिच्या भारतातल्या उपकंपनीच्या कारखान्यातून १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायू सुटला.

डोंगर लागला वालुकाश्माचा, काही ठिकाणी जवळजवळ शुद्ध सिलिका. मजूर बहुतेक दक्षिणेतून कामाच्या शोधात आलेले कृष्णवर्णीय. ओलं ड्रिलिंग तेव्हाही माहीत होतं, पण त्यानं काम हळू होतं. म्हणून कोरडं ड्रिलिंग केलं. पाहणीला येणारे अधिकारी मास्क लावून आत जात, मजुरांना काही नव्हतं, असं पुढे साक्षीत निघालं. काही महिन्यांत माणसं धापा टाकू लागली. कंपनीनं १०९ मृत्यू मान्य केले, १९३६ साली काँग्रेसच्या समितीपुढे ४७६ हा आकडा आला आणि १९८६ साली डॉ. मार्टिन चर्नियाक ह्यांनी सगळी कागदपत्रं चाळून ७६४ चा अंदाज मांडला. आकडा अजूनही नक्की नाही, कारण आजारी पडलेले कितीतरी मजूर आपापल्या गावी गेले आणि तिथे काय झालं ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. औद्योगिक अपघातांच्या यादीत अमेरिकेत इतकी माणसं गेल्याची उदाहरणं फार थोडी. पण स्फोट नाही, आग नाही, म्हणून पाठ्यपुस्तकाबाहेर हे नाव फारसं कोणाला ठाऊक नसतं.

ह्या प्रकरणानंतर मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स ह्यांनी १९३६ मध्ये परिषद भरवली, १९३८ मध्ये मजूर खात्यानं 'स्टॉप सिलिकोसिस' नावाचा बोलपटही काढला. ओशा हे कामगार सुरक्षेचं खातं १९७१ मध्ये सुरू झालं. १९७४ मध्ये सरकारच्याच संशोधन संस्थेनं, नायॉशनं, ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. ती नियमात उतरली मार्च २०१६ मध्ये! बेचाळीस वर्षं. सरकारी कामाला वेळ लागतो हे आपण भारतातच शिकून आलोय, तरी बेचाळीस म्हणजे कमाल आहे. नियमामुळे वर्षाला सहाशेवर जीव वाचतील असा ओशाचा स्वतःचाच अंदाज होता. मग उशिराचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

पण नियम आला तो मात्र चांगला आला, हे इंजिनियर म्हणून मान्य करायला हवं. बांधकामासाठी तो सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. मी तेव्हा रस्ता रुंदीकरणाच्या एका कामावर होतो. कंत्राटदाराची माणसं प्रथम खूप कुरकुरली. आता काय हवा मोजायची यंत्रं गळ्यात बांधून फिरायचं? तसं नव्हतं. नियमात 'टेबल वन' नावाचा तक्ता आहे. डाव्या रकान्यात काम : करवत, जॅकहॅमर, ड्रिल, ग्राइंडर. पुढे काय करायचं ते : पाणी सोडा, नाहीतर धूळ ओढणारा व्हॅक्युम जोडा. त्यापुढे मास्क लागेल का आणि किती वेळानंतर. तक्त्याप्रमाणे नीट काम केलं तर हवा मोजायचं बंधनच नाही. हा तक्ता ज्यानं कोणी सुचवला त्याला प्रत्यक्ष कामाची जाण होती. दोन महिन्यांत आमच्या कामावर पाण्याची टाकी लावलेल्या करवती आल्या आणि फोरमन लोक नव्या माणसांना तोच तक्ता शिकवू लागले. कोरडा झाडू मारायला आणि हवेच्या फवाऱ्यानं कपडे झटकायलाही त्या नियमात बऱ्याच अंशी मनाई आहे. लोकांना सगळ्यात जड गेलं ते हेच, कारण संध्याकाळी घरी जाताना कपडे झटकायची सवय वर्षानुवर्षांची.

मास्कबद्दल एक सांगतो. कोविडनंतर सगळ्यांना वाटतं की एन-९५ लावला की भागलं. सुरक्षेच्या शास्त्रात मास्क सगळ्यात शेवटी येतो. आधी धूळ होऊच देऊ नका, झाली तर उगमाशीच धरा, आणि उरली तर मास्क. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसतही नाही. "मास्क दिलाय ना?" असं म्हणणारा मालक दिसला की समजावं, पाण्याचा खर्च वाचवतोय.

खाणी ओशाकडे नाहीत, त्यांच्यासाठी एमशा हे वेगळं खातं आहे. १९७७ च्या कायद्यानं उघड्या खाणीची वर्षातून निदान दोनदा तपासणी व्हावी लागते. त्या खात्यानं ५० ची मर्यादा आणायला २०२४ साल उजाडलं, आणि २०२५ मध्ये कोळसा खाणींसाठीची तारीख पुन्हा पुढे ढकलली गेली.

आता ओट्याकडे येऊ. ओटे कापणारी दुकानं बहुधा लहान, चार-पाच माणसांची. नियम त्यांनाही आहे, पण तपासनीस तिथवर क्वचित पोचतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी अशा ५२ कामगारांचा अभ्यास छापला. जवळजवळ सगळे लॅटिन अमेरिकेतून आलेले, वयाचा मध्य ४५. त्यातले दहा तोवर गेले होते. पूर्वी सिलिकोसिस म्हातारपणी दिसायचा, हे माझ्या वयाचे आहेत. आपल्यासारखेच दुसऱ्या देशातून आलेले, घरी पैसे पाठवणारे. फरक इतकाच, की आपण आलो तेव्हा हातात डिग्री होती आणि नोकरीबरोबर विमा मिळाला. ज्याचे कागदपत्र धड नाहीत तो मालकाला पाणी लाव म्हणून सांगेल कशाला? कॅलिफोर्नियानं २०२३ च्या डिसेंबरअखेर तातडीचे कडक नियम केले. ऑस्ट्रेलियानं तर १ जुलै २०२४ पासून ह्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली.

भारतात काय, असं कोणी विचारेल म्हणून लिहितो. आपण पाटीवर ज्या पेन्सिलीनं मुळाक्षरं गिरवली, ती बहुधा मध्य प्रदेशातल्या मंदसौरची. तिथले कामगार कोरड्या करवतीनं दगडाच्या कांड्या कापायचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या पाहणीत त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. आम्ही मुलं तर ती पेन्सिल खायचोसुद्धा! तिच्यापायी कोणाची छाती गेली हे घरी, शाळेत कधी कोणी बोललं नाही. गोध्र्याला गारगोटी दळण्याचे कारखाने होते. तिथे कामाला गेलेले मध्य प्रदेशातले आदिवासी मेले, त्यातल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायचा आदेश सुप्रीम कोर्टानं मे २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. इथे नियम निघाला त्यानंतर दोन महिन्यांनी. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मोकळी गारगोटी अगदी कमी, म्हणून आपल्या खडी क्रशरवर हा रोग तुलनेनं कमी असायला हवा. हे भूगर्भाचं देणं. क्रशर मालकांनी त्यासाठी काही केलेलं नाही. आणि कोणतीही दगडी धूळ रोज खाल्ली तर छाती शाबूत राहत नाही.

तर फोन करणाऱ्यांना उत्तर. ग्रॅनाईटमध्ये सिलिका निम्म्याहून कमी, म्हणून माझा कौल तिकडे. पण सुक्या करवतीनं ग्रॅनाईट कापण्यापेक्षा पाण्याखाली क्वार्ट्झ कापलेला केव्हाही बरा. लादी पसंत करायला शोरूममध्ये जाता, तेव्हा कापण्याची शेड कुठे आहे ते विचारा आणि पाच मिनिटं तिथे डोकवा. जमीन ओली आणि माणसं गमबुटांत असतील तर ठीक. सगळीकडे पिठाच्या गिरणीसारखा पांढरा थर असेल, तर दुसरं दुकान बघा. भाव करताना 'सगळं कटिंग ओलं, घरी सुकं कटिंग नाही' हे वाक्य कोटेशनवर लिहून घ्या. शे-दोनशे डॉलर जास्त पडले तर पडू द्यात. आमच्या घरी अजून लॅमिनेटचाच ओटा आहे, पण तो तत्त्वापायी नव्हे, दोन मुलींच्या कॉलेजच्या फीपायी!

एवढं करूनही बसवायच्या दिवशी नळाचं भोक इंचभर चुकलेलं निघतं. मग तो पोरगा ग्राइंडर काढून ड्राइव्हवेवर बसतो. त्याला थांबवा आणि लादी परत शेडमध्ये न्यायला सांगा, मग काम दोन दिवस लांबलं तरी चालेल. विजेच्या साध्या ग्राइंडरवर बागेचा होज मात्र कोणी धरू नका, शॉक बसेल. त्यासाठी पाण्याची सोय असलेलं हत्यार वेगळं मिळतं, ते हवेवर चालतं किंवा जीएफसीआयवर जोडावं लागतं. आणि खाली पडलेला चिखल ओला असतानाच गोळा करून पिशवीत भरा. वाळला की त्याची पुन्हा तीच धूळ होते.

पुढच्या अंकात डेकच्या लाकडाविषयी.