बिनटपाच्या बसमधून चायनाटाऊन

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास मुलाकडे वा मुलीकडे महिना-दोन महिने राहून आलेल्या मराठी माणसाचे कोणतेही प्रवासवर्णन उघडावे, त्यात चायनाटाऊनसाठी एक परिच्छेद राखून ठेवलेला सापडतो. लाल कंदील, सोनेरी ड्रॅगन, ‘जणू चीनमध्येच आलो’ हे उद्गार, दुकानांतली स्वस्त खेळणी, आणि शेवटी स्वच्छतेविषयी नापसंतीचे एक वाक्य. एवढ्या सामग्रीत परिच्छेद पुरा होतो आणि लेखक गोल्डन गेट पुलाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही असाच एक परिच्छेद लिहिला होता. तो कुठे छापला गेला नाही हे आमचे भाग्य. प्रस्तुत लेख म्हणजे त्या परिच्छेदाला आम्हीच दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

त्या दिवशी आम्ही बिनटपाच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो होतो. कानात घालायच्या यंत्रावर अनेक भाषांची सोय होती. त्यांत मराठी अर्थातच नव्हती. बस बुश रस्त्याने उतरू लागली. ग्रँट ॲव्हेन्यूच्या तोंडाशी हिरव्या कौलांचे महाद्वार दिसले, तशी वरची सगळी माणसे डावीकडे झुकली आणि कॅमेरे सरसावले. आपण पूर्वेच्या गूढ जगात प्रवेश करीत आहोत, असे यंत्रातला आवाज म्हणाला. प्रत्यक्षात आमच्या बसने प्रवेश केलाच नाही. ती केअर्नी रस्त्यावर वळली, वस्तीच्या पूर्वेच्या कडेकडेने गेली आणि कोलंबस ॲव्हेन्यूला लागली. सात-आठ मिनिटांत गूढ जग संपले.

या सात-आठ मिनिटांवर टीका करणे फार सोपे आहे. उंचावर बसून दुसऱ्याच्या वस्तीकडे पाहणे यात एक उद्दामपणा आहे, हे कुणालाही पटेल. ही नजर बसच्या जन्माआधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोरे प्रतिष्ठित लोक रात्री वाटाड्याबरोबर, पुष्कळदा पोलिसाला सोबत घेऊन, या वस्तीत ‘पाप’ पाहायला येत. वाटाडे त्यांना अफूचे अड्डे दाखवीत. त्यांतले कित्येक अड्डे पाहुण्यांसाठीच मांडलेले असत आणि अफू ओढणारा माणूस त्याची मजुरी घेऊन ओढत असे. अर्नोल्ड गेंथे या छायाचित्रकाराने १९०६ पूर्वीच्या चायनाटाऊनची अप्रतिम छायाचित्रे काढली. त्या काळाची आपली बरीचशी दृश्य-स्मृती त्यांच्यावरच उभी आहे. पण छापताना त्याने काही छायाचित्रांतून इंग्रजी पाट्या, विजेच्या तारा आणि गोरी माणसे खरवडून वा कापून काढली. वस्ती होती तशी त्याला पुरेशी ‘चिनी’ वाटली नाही. गेंथेने हाताने जे केले ते आज पर्यटक चौकट साधताना करतो. समोरची बँक आणि मोबाइलचे दुकान वगळून तो कंदील तेवढा टिपतो.

इथवर कुणाचा आक्षेप असू नये. अडचण पुढे आहे. अधिक जाणते पर्यटक म्हणवणारे काही लोक एक पाऊल पुढे जातात आणि म्हणतात, ‘हे सगळे खोटेच आहे. असे पॅगोडे चीनमध्ये कुणी घरांवर बांधत नाही. पर्यटकांसाठी केलेली ही सजावट आहे.’ हे विधान वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. निष्कर्ष म्हणून मात्र ते आम्हाला साफ चुकीचे वाटते.

बस केअर्नी रस्त्यावर कॅलिफोर्निया स्ट्रीटचा चौक ओलांडते तेव्हा डावीकडे चढावर पाहावे. ग्रँट ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर टोके वर वळलेल्या छपरांचे मनोरे असलेल्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. सिंग फॅट आणि सिंग चाँग या त्या पेढ्या. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि त्यापाठोपाठच्या आगीत चायनाटाऊन पूर्ण जळाले. राख थंड होण्यापूर्वीच शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवले, की चिन्यांना आता या मोक्याच्या जागेवर परत येऊ द्यायचे नाही. त्यांना शहराच्या टोकाला, हंटर्स पॉइंटकडे हलवायचे. चीनच्या वकिलातीने विरोध केला. भाड्यावर जगणारे गोरे घरमालकही या बेताला राजी नव्हते. पण वस्तीतल्या व्यापाऱ्यांनी एक निराळीच युक्ती काढली. त्यांनी गोरे वास्तुविशारद नेमले आणि गोऱ्या माणसाच्या मनातला चीन जागेवर उभा करायला सांगितले. तुम्हाला आमच्यात पौर्वात्य नवल पाहायचे आहे ना, मग घ्या. पण ते पाहायला तुम्हाला इथेच, शहराच्या मधोमध यावे लागेल. जे पाहायला दुरून माणसे येतात ते शहर सहसा पाडत नाही, हा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

या बेतामागच्या व्यापाऱ्यांत लुक टिन इलाय हा अग्रणी होता. याची हकिकत पाहण्याजोगी आहे. तो कॅलिफोर्नियातल्याच मेंडोसिनो गावी जन्मलेला. लहानपणी शिक्षणासाठी त्याला चीनला धाडले. १८८४ साली, चौदा वर्षांचा असताना तो परत आला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर त्याला अडवण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा झाला होता. या मुलाचा जन्म इथला आहे, म्हणून तो इथला नागरिक आहे, असा निवाडा न्यायालयाला द्यावा लागला. ज्याला लहानपणी स्वतःच्या देशाचा उंबरठा ओलांडण्यासाठी न्यायालय गाठावे लागले, त्याने मोठेपणी छपरांची टोके वर वळवून घेतली. त्या छपरांना खोटे म्हणताना आपली जीभ जरा अडखळली पाहिजे. शहराने मागितलेले सोंग या वस्तीने वठवले आणि सोंगाच्या आडून जागा राखली.

हे ध्यानात आले की पर्यटक आणि वस्ती यांच्यातले नाते केवळ पाहणारा आणि पाहिला जाणारा एवढे सरळ उरत नाही. वस्तीनेही पर्यटकाला ओळखले आहे. ग्रँट ॲव्हेन्यू तिने त्याच्यासाठी सोडली आणि एक गल्ली पलीकडचा स्टॉकटन रस्ता आपल्या भाजीपाल्यासाठी, मासळीसाठी, औषधी मुळ्यांसाठी ठेवला. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांत असते तेवढेच हे अंतर. पाहुण्याने दिवाणखान्यात बसावे यात अपमान नाही. पण दिवाणखाना म्हणजेच घर, अशी समजूत करून घेऊन त्याने परतावे, आणि वर घराच्या स्वच्छतेविषयी शेरा लिहावा, हे मात्र आम्हाला अक्षम्य वाटते.

बिनटपाच्या बसचे आणखी एक विचित्र वैशिष्ट्य आम्हाला जाणवले. वरच्या मजल्यावर बसलेल्याची नजर इमारतींच्या दुसऱ्या मजल्याशी समपातळीत येते, आणि चायनाटाऊनचे खरे जीवन नेमके वरच्या मजल्यांवर आहे. खाली दुकाने असतात. वर कुलसंघांच्या, गावकऱ्यांच्या मंडळांच्या कचेऱ्या असतात. वेव्हर्ली प्लेस या गल्लीतले टिन हाऊ या सागरदेवीचे देऊळ तर तीन जिने चढून गेल्यावर, इमारतीच्या माथ्याशी लागते. आणि वरच्याच मजल्यांवर त्या एकखणी खोल्या आहेत, ज्यांत एकट्या मजुरांसाठी केलेली सोय आज म्हातारी माणसे आणि नव्याने आलेली अख्खी कुटुंबे वापरतात. आठ फूट बाय दहा फूट एवढी खोली; संडास आणि स्वयंपाकघर साऱ्या मजल्यात सामायिक. गिरगावात वा लालबागेत वाढलेल्या वाचकाला आम्ही अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही. खिडकीबाहेर काठीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहून आमच्या बाकामागचे एक गृहस्थ ‘किती गबाळेपणा!’ असे मराठीतच म्हणाले, तेव्हा आम्हाला आमच्या आजोळच्या चाळीची गॅलरी आठवली. त्या गॅलरीसमोरून कुणी बिनटपाची बस नेली नाही, एवढाच काय तो फरक.

केअर्नी रस्त्यावर सिग्नलला बस थांबली. समोरच्या खिडकीत, हात लांब केला असता तर पोचला असता अशा अंतरावर, एक वृद्ध गृहस्थ वाडग्यातून जेवत होते. आमची दृष्टादृष्ट झाली. त्यांनी खिडकी लावून घेतली नाही की पाठही फिरवली नाही. ते जेवत राहिले. मान खाली घातली ती आम्ही. कानातला आवाज त्या वेळी नशिबाचा कागद घातलेल्या बिस्किटांविषयी बोलत होता.

याच रस्त्यावर पुढे जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर इंटरनॅशनल हॉटेल होते. चायनाटाऊनच्या कडेला फिलिपिनो मजुरांची जी वस्ती होती तिचा हा शेवटचा अवशेष. त्यात वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरू राहत. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. हातात हात गुंफून हजारो माणसे इमारतीभोवती उभी होती, तरी काढले. पुढे इमारत पडली, भूखंड वर्षानुवर्षे रिकामा राहिला, आणि अखेर २००५ साली त्या जागी वृद्धांसाठी परवडणारी घरे उभी राहिली. आमची बस त्या कोपऱ्यावरून गेली. आवाज गप्प होता. इथे छायाचित्र काढण्याजोगे छप्पर नाही.

आता या साऱ्यात आमचा, म्हणजे मराठी प्रवाशाचा, संबंध काय, असे कुणी विचारील. तो संबंध आम्हाला बस खाडीकाठी पोचल्यावर उमगला. तिथून अल्काट्राझचे तुरुंगबेट दिसते आणि त्याच्या कैद्यांच्या कथा यंत्र रंगवून सांगते. त्याच्या मागे एक मोठे, हिरवे बेट आहे: एंजल आयलंड. १९१० ते १९४० या काळात चीनहून येणाऱ्यांना तिथल्या लाकडी बराकींत आठवडे, महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ कोंडून त्यांची उलटतपासणी होई. घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या दिशेला, असे प्रश्न विचारले जात. भूकंपानंतरच्या आगीत शहराची जन्मनोंद जळाली होती. तिचा आधार घेऊन अनेकांनी कागदावर बाप आणि मुलगे निर्माण केले होते, त्यांना पकडण्यासाठी हा खटाटोप. कोंडलेल्या माणसांनी भिंतींवर कविता कोरल्या. १९७० साली, इमारत पाडण्याचे घाटत असताना, उद्यानाच्या एका रक्षकाचे त्या अक्षरांकडे लक्ष गेले आणि त्या वाचल्या.

त्या बराकींत हिंदुस्थानातून आलेलेही होते. चिन्यांसाठी १८८२ साली बंद झालेले दार आपल्यासाठी १९१७ च्या कायद्याने बंद झाले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरवला. १९४३ साली चिन्यांना वर्षाला १०५ जागा मिळाल्या. १९४६ साली आपल्याला १००. दोघांसाठीही दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी याच किनाऱ्यावर शिकत आणि मजुरी करत होते, तेव्हा रस्त्यावरच्या गोऱ्या माणसाच्या लेखी ते आणि चायनाटाऊनमधला धोबी यांत फारसे अंतर नव्हते. त्यांच्या पणतवंडांच्या पिढीतले आपण आज बसच्या वरच्या मजल्यावर बसतो आणि खाली बघून नाक मुरडतो. ज्यांनी खटल्यामागून खटले लढवून ते दार किलकिले केले, त्यांच्याच वस्तीकडे आपण नवल म्हणून पाहावे, हा कृतघ्नपणा अज्ञानातून आलेला आहे, हे खरे. पण अज्ञानाची सबब एकदाच चालते.

तर मग बसमध्ये बसूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. पर्यटक येईनासा झाला की या वस्तीचे काय होते, हे दोनदा दिसून आले आहे. १९८९ च्या भूकंपानंतर खाडीकाठचा उन्नत महामार्ग पाडला गेला, ग्राहकांची वाट तुटली आणि दुकानदार हवालदिल झाले. २०२० च्या आरंभी तर साथ शहरात पसरण्याआधीच, केवळ चीनच्या नावाने धास्तावून, ग्रँट ॲव्हेन्यू ओस पडली. पाहुण्याच्या नजरेवर वस्तीचे पोट आहे. ते नाकारणे हीदेखील एक चैनच.

आमची मागणी माफक आहे. ज्याचे गुडघे धड आहेत त्याने बसमधून उतरावे. ग्रँट ॲव्हेन्यूवर चार वस्तू घ्याव्यात, घासाघीस न करता घ्याव्यात, आणि मग एक गल्ली वर चढून स्टॉकटनवर जावे. तिथे कुणी आपल्याकडे पाहत नाही, हाच त्या रस्त्याचा मोठा गुण. वेव्हर्ली प्लेसचे तीन जिने चढावे. ज्यांना चढवत नाही त्यांनी बसमध्येच बसावे, पण कानातले यंत्र काढून ठेवावे आणि वरच्या मजल्यांकडे पाहावे. आणि कुणाशी दृष्टादृष्ट झालीच, तर कॅमेरा खाली घ्यावा.

आमच्या जुन्या परिच्छेदातले ते स्वच्छतेविषयीचे वाक्य आम्ही खोडले आहे. कंदिलांचे वाक्य ठेवले. कंदील खरोखरच सुंदर होते.