पाचट पेटवून जीवामृत शिंपडणाऱ्यांना

मागच्या महिन्यात गावच्या शेतकरी मेळाव्यात एका स्वयंघोषित कृषिऋषींनी दोन तास ऐकवले: युरियाने जमीन जळाली, आता जीवामृताने कर्ब वाढवा. टाळ्यांचा कडकडाट! आणि पहिल्या रांगेतल्याच एका बागायतदाराच्या फडात तेव्हा उसाचे पाचट पेटलेले. राखेचे काळे तुकडे उडत येऊन ऋषींच्या पांढऱ्या उपरण्यावर बसत होते. एकालाही लाज वाटली नाही.

हिशेब मांडा ना. एकराची सहा इंच माती म्हणजे अंदाजे ९ लाख किलो. सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर ९०० किलो कर्ब लागतो, तोही मातीत टिकलेला. जीवामृताच्या २०० लिटर टाकीत शेण किती? १० किलो, त्यातले ८ किलो पाणीच. गूळ-बेसन धरून कर्ब भरतो तीन किलोंच्या आत. त्यातलाही बहुतेक जिवाणू खाऊन हवेत सोडणार. जिवाणू वाढतील म्हणता? त्यांनी खायचे काय? एकरी तीन-चार टन पाचटाला तर तुम्ही काडी लावलीत!

'पोती ओता, कर्बाचे नंतर बघू' म्हणणारे दुसरे दीडशहाणे. युरियात कर्ब असतो खरा, पण तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मातीच्या पदरात शून्य.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. बिनखताच्या तुकड्यात कर्ब सर्वांत कमी. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही दिलेल्या तुकड्यात त्याहून जास्त, कारण पीक जोमाने वाढले की मुळे आणि धसकटेही वाढतात. आणि त्या तिन्हींच्या जोडीला शेणखत पडले तिथे सर्वांत जास्त. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून गव्हाचा असाच प्रयोग चालू आहे. तिथे हेक्टरी ३५ टन शेणखत दरवर्षी पडते, म्हणून कर्ब दुपटीच्या वर गेला. टन, महाराज, टन! तांब्याने शिंपडून नव्हे.

त्या मेळाव्यात मी उभा राहून ऋषींना विचारले, "तुमच्या शेताचा माती परीक्षण अहवाल दाखवता?" ऋषी म्हणाले, "आम्हाला अहवाल लागत नाही. माती आमच्याशी बोलते."

बोलते ना? मग शेजारच्या फडातली माती काय म्हणतेय, तेही सांगा.