लेकरांना त्यांचे लिहू द्या



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर तिसरी-चौथीच्या मुलांना सांगितले, ‘आमच्या घरची सकाळ’ या विषयावर पाच ओळी लिहा. दहा मिनिटांत वह्या पुढे आल्या. सगळ्यांच्या घरी पक्षी किलबिलत होते, बाबा चहा पीत वर्तमानपत्र वाचत होते आणि आई देवापुढे निरांजन लावत होती! यातील निम्म्या मुलांचे वडील पहाटेच कंपनीच्या बसने वाळूजला पहिल्या पाळीला जातात, बाकीचे मजूर अड्ड्यावर उभे राहतात. आणि ज्या घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागते, तिथे निरांजन कोठून आले? गाईडमधून आले, दुसरे कोठून येणार!

एका मुलीची वही मात्र कोरी. खूप विचारल्यावर तिने दप्तरातून शाळेची वही काढून दाखविली. तिथे तिने लिहिले होते, ‘माय भाकरी करती. कोरड्यास रातचंच व्हतं.’ लाल शाईने ‘माय’ची ‘आई’ केली होती, ‘कोरड्यास’ची ‘भाजी’, आणि शेवटच्या शब्दांवर नुसतीच काट. बाईंचा हेतू वाईट नसेल. प्रमाण भाषा शिकविणे त्यांचे कामच आहे, आणि ती आपल्या मुलांना आलीच पाहिजे, नाहीतर पुढे परीक्षेत, मुलाखतीत मार खावा लागतो. पण त्या लाल शाईतून नऊ वर्षांच्या पोरीला कळले ते एवढेच, की आपली माय आणि आपले शिळे कोरड्यास वहीत लिहिण्याच्या लायकीचे नाही. तेव्हापासून ती फळ्यावरचे उतरवून घेते. स्वतःचे लिहीत नाही.

हे उतरवून घेणे पुढे कोठे जाते ते मी कार्यालयात रोज पाहतो. पदवी घेतलेला तरुण टेबलापुढे उभा राहून आपली अडचण तोंडाने नीट सांगतो. ‘हेच कागदावर लिहून द्या’ म्हटले की तो बाहेर अर्ज लिहिणाऱ्याकडे पळतो, पैसे देतो आणि जो अर्ज घेऊन येतो त्यात त्याची अडचणच नसते. मी तरी काय मोठा शहाणा! बी.कॉम.ला व्यापारी पत्रांचे नमुने मला पाठ होते, पण वडिलांना पत्र लिहायला बसलो की ‘इकडील सर्व क्षेम’च्या पुढे पेन सरकत नसे.

मुक्ता साळवेचे नाव आपल्या घराघरांत माहीत असले पाहिजे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मातंग समाजाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र दुसरीच जागा थक्क करते. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे त्या मुलीने लिहिले. हे कोणत्या पुस्तकात होते? तिने ते आपल्या माणसांत पाहिले, ऐकले, आणि तिच्या शाळेने ते वहीत येऊ दिले.

सरकारनेही 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने घातली होती. आमच्या मुलांच्या पुस्तकांत त्यावर प्रश्नोत्तरेच उतरलेली दिसली. 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

आता विहारात आम्ही असे करतो. पहिली-दुसरीचे मूल आधी बोलते, एखादी मोठी ताई ते जसेच्या तसे लिहून घेते, मग ते मूल आपलेच बोलणे वाचते आणि त्याखाली गिरवते. तिसरीपासून स्वतः लिहायचे. घरची बोली चालेल. लाल पेन बंद. एका आठवड्यात एकच चूक सांगायची, या रविवारी पूर्णविराम, पुढच्या रविवारी ऱ्हस्व-दीर्घ. पुस्तकी शब्द खाली वेगळ्या ओळीत लिहायचे, म्हणजे ‘माय’ वर तशीच राहते आणि ‘आई’ही शिकून होते. वह्यांना खर्च नाही, मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने शिवली की झाले. आणि लिहिलेले घरी मोठ्याने वाचून दाखवायचे. आईला अक्षरओळख नसली तरी बिघडत नाही.

त्या मुलीने दोन रविवार काहीच लिहिले नाही. तिसऱ्या रविवारी सात ओळी आणल्या. तिची आई धुणीभांडी आटोपून तिला न्यायला आली होती, ती विहाराच्या पायरीवर बसली. पोरीने वाचून दाखविले. सगळे ऐकून माउली म्हणाली, ‘आन् पीठ सरलं व्हतं, शेजारून आणलं, ते कामून न्हाई लिव्हलं?’

पोरगी तिथेच पायरीवर बसून आठवी ओळ लिहू लागली.